फळीचं दुसरं टोक

भाऊजी, तुमच्या शोकसभेत तुमचे जुने सहकारी पगार म्हणाले, "देवरे साहेबांनी उभ्या नोकरीत एकाही कामगाराचं बोट जाऊ दिलं नाही." हॉल भरलेला होता. निम्मे लोक अंबडच्या तुमच्या कारखान्यातले, आता निवृत्त. त्यांनी माना हलवल्या. पहिल्या रांगेत मंगलताई बसली होती. तिने डावा हात पदराखाली घेतला.

वाक्य खरं आहे. मी दोघातिघांकडे चौकशी केली. तुम्ही टूलरूमचे सुपरवायझर होतात तोवर तुमच्या खात्यात कुणाला इजा झाली नाही. मंगलताई कामगार नव्हती. ती तुमची बायको होती, आणि तिच्या डाव्या हाताची दोन बोटं, तर्जनी आणि मधलं, तुमच्या घरातल्या मशीनवर गेली. सभेत ते कुणी बोललं नाही. मी तिचा धाकटा भाऊ, मीही बोललो नाही, कारण बोलायला माझ्याकडे फक्त तुमची बाजू होती.

सभा संपल्यावर पगारांनीच मला गाठलं. तुमच्या हाताखाली तयार झालेला माणूस, डोळे रडून लाल. "तुम्ही पेपरवाले. आमच्या निवृत्तांच्या अंकाला साहेबांवर एक लेख द्या. मनापासून."

मनापासून लिहितो आहे. जन्म, शिक्षण, बढत्या हे सगळं पगारांकडे आहे, ते छापतील. आपल्या दोघांत एकच प्रश्न होता आणि तो तुम्ही जाईपर्यंत तसाच राहिला. मशीनमध्ये फळी अडकली तेव्हा तुम्ही ताईला काय सांगितलंत?

मशीन निवडायला आपण दोघं गेलो होतो, तेव्हापासून सांगतो. तुम्ही नुकतेच निवृत्त झाला होतात. सिडकोतल्या रो हाऊसच्या पार्किंगवर पत्रा टाकून तुम्ही वर्कशॉप केलं, गाडी रस्त्यावर गेली. आता टेबल सॉ हवा होता. बिडाचं किंवा अॅल्युमिनियमचं टेबल, त्याच्या फटीतून वर आलेलं गोल दातेरी पातं, खाली मोटर. भद्रकालीत एका दुकानात नवं मशीन होतं, घडीच्या पायांचं, हलकं, एका माणसाला उचलता येईल असं. दुसरं अंबडमध्ये होतं. फर्निचरचा एक छोटा कारखाना बंद होत होता, त्यांचं जुनं, बिडाचं, चार माणसांनी हलवायचं.

जुन्या मशीनवर तुम्ही एक नाणं कडेवर उभं केलंत आणि बटण दाबलंत. पातं फिरायला लागलं. नाणं पडलं नाही. "बघ," तुम्ही म्हणालात, "जड टेबल थरथरत नाही. थरथरलं नाही तर काप सरळ येतो. हलकं मशीन घेणारा माणूस पाय दुमडायची सोय विकत घेतो. मला काप विकत घ्यायचाय."

मग फळी ज्या पट्टीला टेकवून पुढे सरकवायची ती पट्टी, तुम्ही तिला गाईड म्हणायचात, पात्याला समांतर आहे का ते बघितलंत. पात्याच्या एका दाताला खडूची खूण केलीत, तो दात पुढे असताना गाईडपर्यंतचं अंतर मोजलंत. मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे नेलात आणि पुन्हा मोजलंत. मी विचारलं, मागचा कुठलाही दात का चालत नाही. "प्रत्येक दात थोडा वाकडा असतो. दुसरा दात घेतलास तर दाताची चूक तू गाईडच्या माथी मारशील. तोच दात, दोन ठिकाणी."

हे मी डेस्कवर कायम वापरलं. एकाच माणसाला एकच प्रश्न दोन वेगळ्या वेळी विचारायचा, मग फरक कुठे आहे ते दिसतं. ही गोष्ट तुम्ही मला शिकवलीत, त्याचे आभार इथे नोंदवतो. दुसरे आभार माझ्या वडिलांच्या आजारपणातले. त्या दिवसांत तुमचीच गाडी रोज हॉस्पिटलच्या फाटकात असायची. तुम्ही वाईट माणूस होतात असं म्हणणं सोपं गेलं असतं. ते मला जमत नाही, आणि त्याचाही राग येतो.

त्या जुन्या मशीनसमोर उभं राहून मी एकच शंका काढली होती. पार्किंगची एक बाजू रस्त्याकडे, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराचं दार. लांब फळी पात्यातून निघून दाराच्या दिशेने येणार. तिथे तिला टेकायला काही नाही.

"मागे स्टँड लागेल ना?" मी म्हणालो.

"स्टँड केला की स्वयंपाकघराचं दार अडतं."

"मग हलकं मशीन घ्या, बाहेर अंगणात नेऊन कापा."

"अरे, मंगल आहे ना."

बंद पडणाऱ्या कारखान्याचा मालक शेजारी उभा होता. तो हसला. म्हणाला, "बेस्ट स्टँड आहे साहेब, मेंटेनन्स फक्त चहाचा." तुम्हीही हसलात. मशीन ठरलं.

ताईची तेव्हा घराच्या हॉलमध्ये शिवणाची शिकवणी चालायची. आजूबाजूच्या बायका ब्लाउज शिकायला यायच्या. कुणाची बाही उसवलेली, कुणाचा गळा फसलेला, मध्ये ताई गळ्यात टेप घालून फिरणार. तेवढ्यात पार्किंगमधून तुमची हाक. "मंगल, ये गं." एक बाई म्हणायची, "मॅडम, तुमचा भोंगा वाजला." ताई कात्री ठेवायची. "आले हो. लाकूड काही पळून जात नाहीये." मग ती स्वयंपाकघरातून मागच्या दारात जाऊन उभी राहायची आणि फळीचं दुसरं टोक धरायची. तुम्ही अलीकडून ढकलायचात, ती पलीकडून घ्यायची.

हे काम करायची एक रीत असते. पलीकडच्या माणसाने तळहात उघडा ठेवून फळीला खालून नुसता आधार द्यायचा. मूठ आवळायची नाही, ओढायचं तर नाहीच. फळी पात्यात चिमटली तर पातं तिला मागे, ढकलणाऱ्याच्या दिशेने फेकतं. पलीकडच्याने फळी मुठीत धरलेली असेल तर हात फळीबरोबर पात्यावर जातो. हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तुम्ही स्वतः पात्याच्या रेषेत कधी उभे राहिला नाहीत, कायम डावीकडे, एक पाऊल बाजूला. मी पात्यासमोर उभा राहिलो की मला खांद्याला धरून बाजूला करायचात. ताईला तुम्ही हे कधी समजावताना मी पाहिलं नाही. मी नसताना समजावलं असेल, ही शक्यता मी इतकी वर्षं मोकळी ठेवली होती.

खंडेनवमीला तुम्ही कारखान्याची चाल घरी आणलीत. मशीन पुसून लख्ख करायचं, मोटरीला झेंडूची माळ, पात्याला हळदकुंकू. पात्याला हळदकुंकू लावायचं तर वरचा गार्ड काढावा लागतो. तुमच्या मशीनला गार्ड आणि पात्यामागची पोलादी पट्टी एकाच बोल्टवर होती. ही मागची पट्टी म्हणजे कापलेल्या फळीचे दोन भाग एकमेकांकडे मिटू नयेत म्हणून मध्ये उभी राहणारी पाचर. ती असली की फळी सहसा चिमटत नाही. पूजेसाठी दोन्ही निघायची, भिंतीवर खिळ्याला जायची आणि दसरा झाला की परत बसायची.

त्या वर्षी दसऱ्याला मी सोनं द्यायला आलो, त्यानंतर पुन्हा आठवड्याने आलो. गार्ड खिळ्यालाच होता. माळ सुकली होती.

"भाऊजी, पूजा कधीच झाली."

"मंगलच्या टेबलाला खाचा मारायच्यात. गार्ड लावून खाच मारता येते का? तूच सांग."

"खाचा झाल्यावर?"

"लावीन."

"कारखान्यात कुणी असं मशीन चालवलं असतं तर?"

"मेमो दिला असता. तिथे सतरा लोकांचे हात असतात, कोण कुठे बघतो ते आपल्याला कळत नाही. इथे माझे हात आहेत. मला माहितीयेत ते कुठे असतात."

ताई दारात चहाचे कप घेऊन उभी होती. माझे हात, असं तुम्ही म्हणालात तेव्हा फळीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहणारी बाई समोर होती. मला तेव्हा वाटलं होतं की तुम्ही बोलण्याच्या भरात तिला विसरलात. आता वाटतं, मशीनचा हिशेब मांडताना तुम्ही तिला मशीनचाच एक भाग धरलं होतंत.

दिवाळीच्या आधी ते झालं. मी तिथे नव्हतो. जे नक्की आहे तेवढंच लिहितो. शिकवणीसाठी तुम्ही ताईला कापड बेतायचं मोठं टेबल करत होतात. जुन्या दाराच्या चौकटीचं सागवान होतं, वर्षानुवर्षं दाबाखाली राहिलेलं. असं लाकूड उभं चिरलं की त्यातला ताण सुटतो आणि चीर मागून मिटते. मागची पट्टी खिळ्याला होती. चीर मिटली, पातं चिमटलं, मोटर घुमली. पलीकडे ताईने फळी मुठीत धरून ओढली. पात्याने फळी मागे फेकली. तुम्ही बाजूला होतात. फळी तुमच्या शेजारून गेली आणि फाटकावर आदळली. तिचा खड्डा फाटकाच्या पत्र्यावर अजून आहे. ताईचा हात फळीबरोबर गेला.

हॉस्पिटलच्या बाकावर तुम्ही मला सांगितलंत, "मी तिला म्हणालो होतो, नुसता आधार दे, ओढू नकोस. तिने ओढलं." शर्टावर रक्त होतं. तुमचा आवाज स्थिर होता. डॉक्टरांना तेच सांगितलंत. नातेवाइकांना तेच. पगारांना तेच. महिन्याभरात ती घराची अधिकृत बातमी झाली: मंगलने घाई केली.

टेबल तुम्ही नंतर एकट्याने पूर्ण केलंत. सुंदर झालं. कडा इतक्या गुळगुळीत की रेशीम ओढलं तरी धागा अडकत नाही. ताई त्याच्यावर शिलाई मशीन ठेवून बसली, सुईखाली कापड सरकवायला डावा हात पुढे केला आणि कापड तिरकं गेलं. पुन्हा केलं, पुन्हा तिरकं. थोड्या दिवसांनी बायका दुसरीकडे जायला लागल्या. टेबलावर इस्त्रीचे कपडे ठेवायला लागलात. मी आलो की तुम्ही त्या टेबलाचे जोड दाखवायचात. एकदा म्हणालात, "बघ, एक खिळा नाही यात." मी त्या दिवशी चहा न घेता निघालो, तुम्हाला आठवत असेल.

मी तुम्हाला पुन्हा पुन्हा विचारलं. आपली भांडणं त्यावरूनच झाली. तुमचं उत्तर प्रत्येक वेळी शब्दाला शब्द तेच. नुसता आधार दे, ओढू नकोस. माझ्या धंद्यात एक गोष्ट दिसते. घडलेलं आठवून सांगणारा माणूस दर वेळी थोडं वेगळं सांगतो. एक तपशील गाळतो, एखादा घालतो. वाक्य घोटून ठेवलेला माणूस बदलत नाही. मी हे तुम्हाला तोंडावर म्हणालो. तुम्ही म्हणालात, "तू पोलिसात आहेस का? तिला विचार." मी तिला विचारलं. ती म्हणाली, "ते म्हणतात तसंच." तीही दर वेळी तेवढंच म्हणायची, आणि लगेच गॅसकडे वळायची.

शेवटच्या आजारात तुम्हाला चालवेना. मी संध्याकाळी येऊन बसायचो. मला वाटायचं, आता सांगतील. तुम्ही बिडाच्या टेबलाला गंज चढेल म्हणायचात. "मेण लाव रे त्याला. कोरड्या फडक्याने, गोल गोल." मी लावलं. तुम्ही खिडकीतून बघत होतात, मधून मधून सांगत होतात, कोपरा राहिला. पार्किंगमध्ये मी एकटा होतो, ताई बाजारात गेली होती, विचारायला याहून चांगली वेळ नव्हती. मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "कोपरा राहिलाय बघ." त्यानंतर तुम्ही फार दिवस काढले नाहीत. तुमचं शेवटचं उत्तर म्हणून माझ्याकडे हेच आहे.

परवा पगार मशीन बघायला आले. ताईनेच त्यांना देऊ केलं होतं, घरात चालवणारं कुणी नाही म्हणून. मी लेखाचं विचारायला आलो होतो, म्हणून हजर होतो. पगारांनी चपला बाहेर काढल्या. टेबलावरून हात फिरवला. "साहेबांचा हात लागलेलं मशीन आहे, वहिनी. देवासारखं ठेवीन."

"चालवा," ताई म्हणाली. "ठेवू नका."

पगारांनी वाकून पातं बघितलं, मोटरीचा पट्टा बघितला. त्यांची जागाही पार्किंगएवढीच, मखमलाबादला. मी विचारलं, लांब फळी निघेल तिथे काय करणार.

"आमची आहे ना घरात. ती धरेल पलीकडून." मग ताईकडे बघून, हातावरून नजर चुकवत, ते म्हणाले, "ओढायचं नाही, एवढं सांगून ठेवलं की झालं. साहेबांनी तुम्हाला सांगितलंच होतं, पण होतं माणसाचं कधी कधी. घाई होते."

ताई स्वयंपाकघराच्या दारात होती, तिच्या नेहमीच्या जागेवर.

"नव्हतं सांगितलं," ती म्हणाली.

पगारांनी आता तिच्या हाताकडे बघितलं.

"ते 'वढ' म्हणाले. 'वढ, वढ.' दोनदा. मी वढलं."

तुमचं लहानपण सटाण्याकडचं. एरवी तुम्ही आमच्यासारखंच बोलायचात, पण घाई झाली, हातातलं काही निसटायला लागलं, की तुमच्या तोंडून अहिराणी यायची. हे पगारांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. उभी नोकरी त्यांनी ती मशीनच्या आवाजातून ऐकली होती. फळी चिमटलेली, मोटर घुमतेय, अशा वेळी "नुसता आधार दे, ओढू नकोस" एवढं नीट वाक्य तुम्ही बोलणं शक्य नव्हतं. पगारांच्या चेहऱ्यावर ते दिसलं. ते बाजूच्या स्टुलावर बसले.

"साहेब असं खोटं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. उठत म्हणाले, "वहिनी, मग मशीन राहू द्या. मला नको."

"मशीनने काय केलंय तुमचं?" ताई म्हणाली. "चांगलं मशीन आहे. आधी तुमच्याकडे मागचा स्टँड करा. दार अडलं तर अडू द्या, बायको पुढून जाईल. स्टँड झाला की फोटो पाठवा मला. मग टेम्पो आणा." तिने खिळ्यावरून गार्ड आणि मागची पट्टी काढून त्यांच्या हातात दिली. "हे आत्ताच न्या. पूजेला काढलंत तर त्याच दिवशी लावा."

पगार दोन्ही हातांत ते घेऊन गेले. फाटकाशी त्यांनी वळून तिला नमस्कार केला, आणि गेले.

मी ताईला विचारलं, इतकी वर्षं मला का सांगितलं नाहीस. माझ्या आवाजात राग होता, तुमच्यावरचा, तो तिच्यावर निघाला. ती स्वयंपाकघरात गेली, मी मागे गेलो.

"त्यांना माहीत होतं रे," ती म्हणाली. "त्या दिवसापासून कणीक तेच मळायचे. एक दिवस चुकवला नाही. आजारी पडले तरी परात मांडीवर घेऊन बसायचे. डब्यांची झाकणं तेच उघडून ठेवायचे, सकाळी उठल्याबरोबर."

हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडच्या माहितीत ते घालतो, कारण ते खरं आहे. मी तिला म्हणालो, कणीक मळणं म्हणजे सांगणं नव्हे. तिने मान डोलावली.

"तेच तर. मी सांगितलं असतं तर लोकांनी त्यांना विचारलं असतं, ते हो म्हणाले असते, संपलं असतं. मला ते नको होतं. मला त्यांनी आपणहून म्हणायला हवं होतं. कुणी न विचारता. कणीक मळताना रोज वाटायचं, आज म्हणतील. परवापर्यंत वाटत होतं."

"परवा म्हणजे?"

"हॉस्पिटलात नेलं तेव्हा. माझा हात हातात घेतला, हाच. बोटांच्या जागेवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता. तर म्हणाले, भाजी टाकून आलीस का गॅसवर."

ती हसली, मग रडली. तुम्ही गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

भाऊजी, सांगायला तुमच्याकडे पुष्कळ सकाळी होत्या आणि परातीपलीकडे ती एकटीच बसलेली असायची. तुम्हाला कुणापुढे उभं राहायचं नव्हतं, मेमो मिळायचा नव्हता, सभेतलं ते वाक्यही कुणी काढून घेणार नव्हतं. एक शब्द परत घ्यायचा होता.

मी ताईला म्हणालो, हा लेख पगारांच्या अंकात जाईल, सगळे वाचतील, तू म्हणशील तेवढंच ठेवतो. तिने डोळे पुसले.

"सगळं ठेव," ती म्हणाली. "आता मी कुणाची वाट बघू?"